पानाचा ठसा, धातूचे आसन : क्लोद लालान यांच्या वनस्पतिशिल्पांचे स्वरूप

सारांश

फ्रेंच शिल्पकार क्लोद लालान (१९२५–२०१९) यांनी पाने, फांद्या, फुले, फळे आणि भाज्या यांच्या प्रत्यक्ष ठशांपासून बाक, खुर्च्या, आरसे, काटे-चमचे व अलंकार घडविले. विद्युत् विलेपन हे एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक तंत्र त्यांनी शिल्पनिर्मितीसाठी वापरले. प्रस्तुत लेखात या तंत्राचे कार्य, त्यातून सिद्ध होणाऱ्या रूपाचे वेगळेपण आणि उपयोगी वस्तूला शिल्प म्हणता येईल का, या तीन बाबींचा विचार केला आहे. रूप निसर्गाने दिले असले तरी निवड, जुळणी, प्रमाण आणि भार यांविषयीचे निर्णय कलावंताचेच असतात व त्या निर्णयांतच शिल्पत्व असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वनस्पतिरूप, विद्युत् विलेपन, ठसा, प्रतिमा, उपयोजित कला, अलंकार.

१. प्रस्तावना

वनस्पती आणि कला यांचे नाते मानवी संस्कृतीइतकेच जुने आहे. मंदिराच्या द्वारशाखेवरील वेलबुट्टी, ग्रीक स्तंभशीर्षावरील ॲकँथसची पाने, कापडावरील कलमकारी, भांड्यांवरील नक्षी या सर्वांत वनस्पतीचे रूप कलेत उतरलेले दिसते. मात्र या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कारागीर पान पाहतो, त्याचे रूप मनात साठवितो आणि नंतर ते दगडात, धाग्यात किंवा धातूत आपल्या हाताने पुन्हा घडवितो. पान आणि कलाकृती यांच्यामध्ये माणसाचा डोळा व हात उभा असतो.

क्लोद लालान यांच्या कामात हे मधले अंतर जवळजवळ नाहीसे होते. त्यांच्या बागेतील पान थेट द्रावणात बुडविले जाते, त्याच्यावर तांब्याचा थर चढतो आणि तोच थर पुढे आरशाच्या चौकटीचा, गळ्यातील हाराचा किंवा बाकाच्या पाठीचा भाग होतो. पानाची प्रत्येक शीर, कडेचा प्रत्येक दंतुर भाग, किडीने पाडलेले छिद्रसुद्धा धातूत उतरते. अशा वेळी एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो : रूप जर पानाचेच असेल, तर कलावंताचे काय? शिवाय त्या वस्तूवर बसता येत असेल, ती अंगावर घालता येत असेल, तर तिला शिल्प म्हणावे की कारागिरी? हे प्रश्न केवळ एका फ्रेंच कलावंतापुरते मर्यादित नाहीत. आपल्याकडील कलाशिक्षणातही ‘ललित’ आणि ‘उपयोजित’ असे विभाजन रूढ आहे व त्यामागील गृहीतके क्वचितच तपासली जातात. त्या दृष्टीने क्लोद लालान यांचे काम हे एक उपयुक्त उदाहरण ठरते.

२. जीवन आणि कलापार्श्वभूमी

क्लोद लालान यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. त्यांनी वास्तुकला व सजावटी कला यांचे शिक्षण घेतले. १९५२ मध्ये त्यांची ओळख फ्रांस्वा-झाव्हिए लालान (१९२७–२००८) यांच्याशी झाली. पॅरिसमधील आँपास राँसाँ या गल्लीत फ्रांस्वा-झाव्हिए यांची कार्यशाळा होती व आधुनिक शिल्पकलेतील महत्त्वाचे नाव असलेले कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी हे त्यांचे शेजारी होते. याच परिसरात काम करणाऱ्या जेम्स मेटकाफ या अमेरिकन शिल्पकाराकडून क्लोद यांनी विद्युत् विलेपनाचे तंत्र आत्मसात केले. पुढील आयुष्यभर हेच तंत्र त्यांच्या कामाचा कणा राहिले.

१९६४ मध्ये पॅरिसच्या ‘गॅलरी जे’ मध्ये या दोघांचे पहिले संयुक्त प्रदर्शन भरले. त्याचे शीर्षक प्राणी आणि वनस्पती या दोन्ही सृष्टींना जोडणाऱ्या जुन्या जीवशास्त्रीय संज्ञेवरून घेतलेले होते. फ्रांस्वा-झाव्हिए यांनी त्यात पितळी पत्र्याचा गेंडा मांडला. त्याची कूस उघडली की आतून लिहिण्याचे मेज प्रकट होई. क्लोद यांच्या कामात कोंबडीच्या पायांवर उभा असलेला कोबी होता. पुढे दोघेही अलेक्झांडर आयोलास या कलाविक्रेत्याच्या दालनाशी जोडले गेले. मॅक्स अर्न्स्ट आणि रने माग्रीत यांसारख्या अतिवास्तववादी चित्रकारांची कामे याच दालनातून रसिकांसमोर येत असत.

‘ले लालान’ या एकत्रित नावाने हे दांपत्य ओळखले जात असले तरी दोघांनी मिळून केलेल्या कलाकृती मोजक्याच आहेत. प्रदर्शने एकत्र, परंतु काम स्वतंत्र, अशी त्यांची रीत होती. फ्रांस्वा-झाव्हिए यांचा ओढा प्राण्यांकडे होता. त्यांची पद्धत आराखड्याची, मोजमापाची आणि गुळगुळीत आकारांची होती. क्लोद यांचा ओढा वनस्पतींकडे होता. त्यांची पद्धत हाताशी असलेल्या पानाफांदीपासून सुरू होणारी आणि जोडत जोडत वाढत जाणारी होती. संयुक्त नावामुळे हा भेद पुष्कळदा झाकला जातो. क्लोद यांच्या कामाचे मूल्यमापन करताना तो आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

फाँतेनब्लोजवळील उरी या गावी या दांपत्याचे घर, कार्यशाळा आणि बाग होती. पतीच्या निधनानंतरही, २०१९ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, क्लोद काम करीत राहिल्या.

३. तंत्र : विद्युत् विलेपनाचे कार्य

क्लोद लालान यांची कला समजून घ्यावयाची तर त्यांचे तंत्र समजून घेणे अपरिहार्य आहे. विद्युत् विलेपनाची मूळ कल्पना सोपी आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) आम्लयुक्त द्रावणात तांब्याचे आयन असतात. या द्रावणात तांब्याची पट्टी धनाग्र म्हणून आणि ज्यावर तांबे चढवावयाचे ती वस्तू ऋणाग्र म्हणून ठेवली व एकदिश विद्युत्प्रवाह सोडला, तर द्रावणातील तांब्याचे आयन ऋणाग्राकडे जाऊन तेथे धातुरूपाने जमा होतात. त्याच वेळी धनाग्राचे तांबे विरघळून द्रावणातील कमतरता भरून काढते. अशा रीतीने तांबे पट्टीवरून निघून वस्तूवर अणूअणूने बसत जाते.

पान विजेचे वाहक नसल्याने त्यावर थेट तांबे चढत नाही. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर आधी ग्राफाइटच्या भुकटीचा किंवा धातुयुक्त लेपाचा अत्यंत पातळ, वाहक थर द्यावा लागतो. हा थर जितका पातळ व एकसारखा, तितके पानाचे बारकावे शाबूत राहतात.

या प्रक्रियेला लागणारा वेळ फॅरेडेच्या नियमावरून काढता येतो. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला असता सुमारे १.१९ ग्रॅम तांबे जमा होते. शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागासाठी एक अँपिअर प्रवाह धरला, तर तासाला सुमारे १३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागांपैकी तेरा भाग, इतका थर चढतो. हातात धरता येईल असा अर्ध्या मिलिमीटरचा थर मिळविण्यासाठी या गतीने ३८ तासांच्या आसपास वेळ लागेल. प्रवाह वाढवून हा वेळ कमी करता येतो. परंतु प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की तांबे भुरभुरीत व खरखरीत बसते. पानाच्या बारीक शिरा जपावयाच्या असतील तर संथपणा ही या तंत्राची अटच होय.

दुसरी अडचण आकाराची आहे. विद्युत्प्रवाह टोकांवर आणि कडांवर एकवटतो, खोलगट भागांत मात्र क्षीण होतो. त्यामुळे पानाची कडा लवकर जाड होते, तर देठाजवळची खोबण पातळ राहते. कोबीच्या एकात एक गुंतलेल्या पानांसारख्या वस्तूत तर ही विषमता अधिकच जाणवते. वस्तू द्रावणात कशी टांगावी, कोणत्या दिशेने फिरवावी, कोणता भाग केव्हा झाकावा, याचे ज्ञान अनुभवानेच येते. यंत्राने होणारी ही प्रक्रिया प्रत्यक्षात हाताच्या सरावावर अवलंबून असते.

हे तंत्र क्लोद लालान यांनी शोधले नाही. १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे मोरित्स याकोबी यांनी त्याचे प्रात्यक्षिक केले. त्यानंतर ते चांदीच्या मुलाम्याची भांडी, पदकांच्या प्रतिकृती आणि वास्तुशिल्पे यांसाठी झपाट्याने पसरले. पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या दर्शनी भागावर उभे असलेले शार्ल ग्युमेरी यांचे सोनेरी शिल्पसमूहही क्रिस्तोफ्ल या कारखान्यात याच पद्धतीने तयार झाले. एकोणिसाव्या शतकात हे तंत्र एकाच मूळ शिल्पाच्या अनेक प्रती काढण्याचे साधन होते. क्लोद यांनी त्याची दिशा उलटविली. दुसऱ्यांदा कधीही मिळणार नाही अशा एकाच विशिष्ट पानाला टिकाऊ करण्यासाठी त्यांनी ते वापरले.

येथे मराठीतील ‘मुलामा’ या शब्दाचा विचार उद्बोधक ठरेल. आपल्या भाषेत मुलामा म्हणजे हलक्या वस्तूवर चढविलेली मौल्यवान धातूची झिलई. त्यामुळे या शब्दाला दिखाऊपणाची छटा आली आहे. आतली वस्तू खरी, वरचा थर वरवरचा, असा त्यामागील संकेत आहे. क्लोद यांच्या कामात हा संकेत उलटा होतो. आतील पान नाशवंत असते. ते कुजते, जळते किंवा काढून टाकले जाते. उरतो तो थर. मुलामा हीच वस्तू होते आणि ज्यावर मुलामा चढविला ते केवळ तिच्या रूपाच्या स्मृतीत राहते.

४. ठसा आणि प्रतिमा

निसर्गातील वस्तूवरून थेट साचा घेण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गचा सुवर्णकार वेन्झेल याम्निट्झर गवताची पाती व सरडे यांवरून चांदीचे ओतकाम करीत असे. फ्रान्समधील बेर्नार पालिसी या कुंभाराने सर्प, मासे व पाने यांच्या साच्यांवरून आपली प्रसिद्ध मातीची तबके घडविली. ओतकामात मूळ वस्तूभोवती साच्याचे मिश्रण लावून ती भट्टीत जाळतात आणि रिकाम्या जागेत वितळलेला धातू ओततात. तांब्याचा वितळबिंदू १,०८५ अंश सेल्सिअस आहे. एवढ्या उष्णतेचा धातू थंड होताना आकुंचन पावतो आणि अतिशय पातळ जागांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गोठू शकतो. विद्युत् विलेपन सामान्य तापमानाला होते. त्यात हे आकुंचन नाही. म्हणून पानाच्या पातळपणाला ते अधिक मानवते.

याउलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहरलेल्या ‘आर्ट नूव्हो’ चळवळीतील कलावंतांनी वनस्पतीचे निरीक्षण करून तिचे शैलीकरण केले. नान्सी येथील एमील गाले (१८४६–१९०४) हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते; त्यांच्या काचपात्रांत व फर्निचरमध्ये फुलझाडांचा अभ्यास स्पष्ट दिसतो. रने लालिक यांचे दागिने आणि एक्तोर गिमार यांनी १९०० मध्ये उभारलेली पॅरिस मेट्रोची प्रवेशद्वारे यांत देठ आणि कळी यांची लय आहे, परंतु ते कोणत्याही एका झाडाचे देठ नाहीत. क्लोद लालान यांचे नाव पुष्कळदा या परंपरेशी जोडले जाते. विषय समान असला तरी रीत भिन्न आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे जे वर्गीकरण केले, त्याच्या आधारे हा भेद नेमका मांडता येतो. एक चिन्ह सादृश्यामुळे अर्थ देते, जसे व्यक्तीचे चित्र. दुसरे चिन्ह प्रत्यक्ष संबंधामुळे अर्थ देते, जसे ओल्या मातीतील पाऊल. चित्र काढण्यासाठी ती व्यक्ती समोर असलीच पाहिजे असे नाही. पाऊल उमटण्यासाठी मात्र कोणीतरी तेथून गेलेले असावे लागते. गाले यांचे फूल ही प्रतिमा आहे, क्लोद लालान यांचे पान हा ठसा आहे. तो पाहताना ‘हे पानासारखे आहे’ असे वाटण्याऐवजी ‘येथे एक पान होते’ अशी जाणीव होते. त्यांच्या अनेक कलाकृतींत आनंदाबरोबर जी किंचित अस्वस्थता असते, तिचे मूळ या जाणिवेत असावे.

आपल्या पारंपरिक अलंकारांशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बोरमाळ, जोंधळी पोत, बकुळीहार, चाफेकळी, केवडा ही नावेच वनस्पतींची आहेत. परंतु बोरमाळेचा मणी हा कोणत्याही एका बोराचा ठसा नसतो. सोनाराने सर्व बोरांतील सामान्य गोलाई निवडून ती मण्यामण्यांत पुन्हा आणलेली असते. भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर बोरमाळ ‘जाती’ दाखविते, क्लोद लालान यांचे पान ‘व्यक्ती’ दाखविते. एका परंपरेचे सौंदर्य आवर्तनात आणि नियमिततेत आहे, दुसऱ्या पद्धतीचे अपवादात आणि अनियमिततेत. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी वनस्पतीकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे, एवढेच.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. ठसा निसर्गाचा असेल तर कलावंताचे कर्तृत्व कोणते? क्लोद यांच्या कलाकृतींवरून त्याचे उत्तर चार अंगांनी देता येते.

पहिले अंग निवडीचे. बागेतील असंख्य पानांतून कोणते पान घ्यावयाचे, ताजे की सुकून वळलेले, अखंड की फाटलेले, हा निर्णय पूर्णतः कलावंताचा असतो.

दुसरे अंग जुळणीचे. कोबी आणि कोंबडीचे पाय हे दोन्ही ठसे निसर्गाचे आहेत. त्यांचा संयोग मात्र निसर्गात कोठेही नाही. प्रत्येक भाग खरा आणि संपूर्ण वस्तू अशक्य, या विरोधातून त्या शिल्पाचा विनोद व गूढता निर्माण होते. १९६८ मधील ‘कोबीच्या डोक्याचा माणूस’ हे शिल्पही याच रीतीचे आहे. फ्रेंच गायक सेर्ज गेन्सबूर यांनी ते विकत घेतले आणि १९७६ मध्ये आपल्या गीतसंग्रहाला त्याचेच नाव दिले. मानवी ओठ असलेली सफरचंदे हेही याच विचाराचे आणखी एक उदाहरण होय.

तिसरे अंग प्रमाणाचे आणि चौथे भाराचे. ही दोन्ही अंगे फर्निचरच्या संदर्भात विशेषत्वाने प्रकट होतात. म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करणे योग्य ठरेल.

५. शिल्पाकडून आसनाकडे

विद्युत् विलेपनाने मिळणारा तांब्याचा थर पातळ व तुलनेने मऊ असतो. आरशाच्या चौकटीसाठी किंवा दिव्याच्या झुंबरासाठी तो पुरेसा आहे, परंतु माणसाचे वजन पेलण्यास तो असमर्थ आहे. म्हणून क्लोद यांच्या फर्निचरमध्ये साधारणतः दोन प्रकारचा धातू एकत्र येतो. भार पेलणारे पाय, आडवे दांडे व बैठक ओतीव ब्राँझची असतात. त्यांच्याभोवती गुंफलेली पाने व फांद्या विलेपित तांब्याच्या असतात. हे सारे भाग जोडून, घासून, त्यावर रंगाचे पुट किंवा सोन्याचा मुलामा देऊन एकजीव केले जातात.

झाडातही अशीच विभागणी असते. खोड व फांद्या भार पेलतात, पाने प्रकाश घेतात. क्लोद यांच्या बाकात हेच तत्त्व अवतरते. परंतु झाडाची फांदी वाऱ्याचा व स्वतःचा भार पेलण्यासाठी वाढलेली असते, बसणाऱ्याचा नव्हे. कोणत्या फांद्या एकमेकींना टेकवाव्यात, त्यांचा गुंता दिसावयास सहज वाटला तरी बळकट कसा राहावा, टोकदार पान बसणाऱ्याच्या पाठीला लागणार नाही असे कोठे वळवावे, हे सर्व प्रश्न वास्तुकलेचे आहेत. क्लोद यांच्या आरंभीच्या वास्तुकला-शिक्षणाचा प्रत्यय येथे येतो.

गिंको मालिकेतील खुर्च्या व बाक यांत प्रमाणाचा प्रश्न समोर येतो. गिंको हा आपल्या संपूर्ण गणातील एकमेव जिवंत उरलेला वृक्ष आहे. त्याचे पंख्याच्या आकाराचे पान इतर कोणत्याही वृक्षाच्या पानाशी गल्लत होऊ नये इतके वेगळे असते. देठाशी निघणाऱ्या शिरा दुभंगत दुभंगत कडेपर्यंत जातात. मध्यशीर अशी नसतेच. खरे पान तळहाताएवढे किंवा त्याहून लहान असते. खुर्चीची पाठ व बैठक होण्यासाठी ते अनेकपट मोठे व्हावे लागते. म्हणजे येथे थेट ठसा पुरेसा नाही. रूप नव्याने घडवावे लागते. ठशाची आणि प्रतिमेची सीमारेषा क्लोद यांनी स्वतःच ओलांडल्याचे हे उदाहरण आहे. पंख्याचा विस्तार पाठीला आधार देतो आणि देठ पायांत रूपांतरित होतो. एकदा ती खुर्ची पाहिली की पानाचा तो आकार जणू बसण्यासाठीच असावा असे वाटते. उपयोग रूपावर लादलेला नाही, तो रूपातच शोधलेला आहे.

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कामांपैकी एक म्हणजे वस्त्रसंकल्पक इव्ह सँ लोराँ यांच्या पॅरिसमधील निवासस्थानासाठी केलेले पंधरा आरसे. १९७४ ते १९८५ या काळात हा संच टप्प्याटप्प्याने वाढत गेला. फांद्या व पाने यांच्या चौकटींनी भिंती व्यापल्यामुळे त्या दालनात शिरणाऱ्यास आपले प्रतिबिंब झाडीतून डोकावताना दिसे. ठरावीक आराखड्याऐवजी वेलीसारखी झालेली ही वाढ क्लोद यांच्या कार्यपद्धतीशी सुसंगतच होती.

६. अलंकार : देहावरील पान

फर्निचरमध्ये पानाचे प्रमाण बदलावे लागते. अलंकारात मात्र ते मूळ आकारातच राहू शकते. मनगटाभोवती वळलेली डहाळी किंवा गळ्याशी टेकलेली पाने यांचा आकार आणि मानवी देहाचा आकार यांत निसर्गतःच मेळ असतो. शिवाय विलेपनाने मिळणारी वस्तू पातळ असल्याने हलकी असते. घन धातूचा तेवढाच मोठा अलंकार वजनाने जड झाला असता. ज्या पातळपणामुळे हे तंत्र आसनासाठी अपुरे पडते, तोच पातळपणा अलंकारात गुण ठरतो.

देह आणि ठसा यांचा संबंध क्लोद यांनी अधिक थेट रीतीनेही तपासला. १९६९ मध्ये सँ लोराँ यांच्या हिवाळी वस्त्रसंग्रहासाठी त्यांनी व्हेरुश्का या मॉडेलच्या शरीरावरून साचे घेऊन तांब्याची उरोभूषणे व कटिभूषणे तयार केली. ती तलम शिफॉनच्या झग्यांवर घातली गेली. देहाचा ठसा पुन्हा देहावरच चढविला गेला. पान टिकविण्याची रीत येथे मानवी त्वचेला लागू झाली. पुढेही वस्त्रसंकल्पनेशी त्यांचा संबंध राहिला आणि नव्वदी ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, त्यांनी दिओर या संस्थेच्या संग्रहासाठी अलंकार केले.

७. ‘ललित’ आणि ‘उपयोजित’ : विभाजनाची मर्यादा

१९६० च्या दशकात पॅरिसच्या कलाविश्वात अमूर्ततेचा प्रभाव मोठा होता. अशा वातावरणात ओळखू येणारी पाने, ओळखू येणारे प्राणी आणि वर त्यांचा घरगुती उपयोग, या गोष्टी गंभीर कलेच्या चौकटीत बसणाऱ्या नव्हत्या. लालान दांपत्याच्या कामाला शोभेच्या वस्तू म्हणून दीर्घकाळ बाजूला ठेवले गेले. कलासंस्थांची मान्यता उशिरा मिळाली. २०१० मध्ये पॅरिसमधील सजावटी कलांच्या संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले व २०२१ मध्ये अमेरिकेतील क्लार्क कलासंस्थेने निसर्गाच्या रूपांतराचे सूत्र घेऊन दोघांच्या कलाकृती मांडल्या.

दरम्यान बाजाराने आपला निर्णय आधीच दिला होता. २००९ मध्ये सँ लोराँ यांच्या संग्रहाच्या लिलावात उपरोक्त पंधरा आरशांना सुमारे १८.५ लाख युरो किंमत आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये, क्लोद यांच्या मृत्यूनंतर, दांपत्याच्या स्वतःच्या संग्रहाच्या पॅरिस येथील लिलावात एकूण ९ कोटी युरोंहून अधिक रक्कम जमा झाली. परंतु किंमत हा कलामूल्याचा पुरावा नव्हे. उलट या किमतींनी एक नवी विसंगती निर्माण केली आहे. जे बाक बसण्यासाठी घडविले गेले, ते इतके मौल्यवान झाले की त्यांवर कोणी बसत नाही. उपयोगी असल्यामुळे ज्यांना शिल्प मानले गेले नाही, त्यांना शिल्प मानताच त्यांचा उपयोग थांबला. ‘ललित’ आणि ‘उपयोजित’ यांतील दरी यामुळे बुजली असे म्हणता येत नाही. वस्तू केवळ एका काठावरून दुसऱ्या काठावर नेली गेली.

क्लोद लालान यांचे काम वस्तुतः या दोन्ही काठांना नकार देते. गिंको खुर्चीचा उपयोग काढून टाकला तर तिच्या रूपाचा अर्थच अपुरा राहतो, कारण पानाच्या विस्ताराचे ‘पाठ’ होणे हीच त्या शिल्पाची कल्पना आहे. हार गळ्यात नसेल तर पान आणि देह यांच्या प्रमाणाचा मेळ दिसतच नाही. येथे उपयोग हा शिल्पात बाहेरून मिळविलेला भाग नसून त्याच्या आशयाचा घटक आहे. एखाद्या कलाकृतीस ‘ललित’ ठरविताना तिची निरुपयोगिता हा निकष धरला जातो. या कामाच्या संदर्भात तो निकष टिकत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पानाची शिराव्यवस्था शिकतो, रसायनशास्त्राचा विद्यार्थी विद्युत् अपघटन शिकतो, कलेचा विद्यार्थी आकार आणि रचना शिकतो. हे तिघे सहसा एका वर्गात येत नाहीत. मोरचुदाचे द्रावण, एक बॅटरी, तांब्याची पट्टी आणि एक पिंपळपान एवढ्या साहित्यावर महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही, योग्य खबरदारी घेऊन, या तिन्ही विषयांना एकत्र आणणारा प्रयोग करता येण्यासारखा आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. क्लोद लालान यांनी प्रती काढण्याच्या औद्योगिक तंत्राचा उपयोग एकमेव व नाशवंत वस्तू टिकविण्यासाठी केला. त्यांच्या कलेचे वेगळेपण विषयापेक्षा या रीतीत अधिक आहे.

२. त्यांचे वनस्पतिरूप प्रामुख्याने प्रतिमा नसून ठसा आहे. म्हणून आर्ट नूव्होच्या शैलीकरणापासून ते वेगळे मानावे लागते. गिंको मालिकेसारख्या कामांत मात्र प्रमाण बदलताना ठशाची जागा रचना घेते.

३. ठसा निसर्गाचा असला तरी निवड, जुळणी, प्रमाण आणि भार यांविषयीचे निर्णय कलावंताचे असतात. निसर्गाची नक्कल म्हणून या कामाची बोळवण करणे त्यामुळे अयोग्य ठरते.

४. या कलाकृतींत उपयोग हा आशयाचा भाग असल्याने उपयोगितेच्या आधारे केलेले ललित व उपयोजित असे विभाजन येथे अपुरे पडते.

५. ‘ले लालान’ हे संयुक्त नाव सोयीचे असले तरी क्लोद यांची स्वतंत्र पद्धत आणि स्वतंत्र दृष्टी वेगळी नोंदवूनच त्यांचा अभ्यास व्हावयास हवा.

पान झाडावरून गळते तेव्हा त्याचे कार्य संपलेले असते. द्रावणात सोडलेल्या पानाचे शरीर नष्ट होते, परंतु त्याच्या शिरांची मांडणी एका नव्या कामाला लागते; कोठे आरशाची कडा धरते, कोठे मनगटाभोवती वळते. हे दुसरे कार्य कोणते असावे, हे पान ठरवीत नाही. ते ठरविणारी विवेकबुद्धी हाच क्लोद लालान यांच्या शिल्पकलेचा गाभा होय.